नायनांनी विणलेलं देवसडे

सोलापूरच्या बाईला समुद्रातलं काय कळतंय, असं कुणी म्हणालं की मी त्याला सरळ घरी चहाला बोलावते. सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. दिवाणाच्या वरच्या भिंतीवर समुद्र टांगलेला आहे. समुद्र, त्याच्या काठचा डोंगर, डोंगराच्या माथ्यावर देवसडे नावाचं गाव. सगळं सुती, सगळं पक्क्या रंगाचं, माझ्या वडलांनी स्वतःच्या हातमागावर विणलेलं. पाहुणा मान वर करून बघतो, "वॉल हँगिंग झकास आहे हो" म्हणतो, आणि मी त्याला बजावते की वॉल हँगिंगं आमच्या सोलापुरात पायलीची पन्नास मिळतात. हे गाव आहे.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नसे. ते गाव उलटं आहे. उलटं म्हणजे डोकं खाली पाय वर, तसं नव्हे. आरशात दिसावं तसं, डावीकडचं उजवीकडे गेलेलं. आणि ते माझ्यामुळं गेलेलं आहे. मी पुढं पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, दिशा चुकलेल्या पोरांना उभं केलं, आणि घरी येऊन त्या उलट्या गावाखाली बसून भाकरी खाल्ली. माणसाला किती बेरड होता येतं बघा.

यंदा घर रंगवायला काढलं. रंगाऱ्यांनी चित्र खाली उतरवताना खिळ्याला अडकून मागचं अस्तर टर्रकन फाटलं. "मावशी, जुनं होतं वो," म्हणाला रंगारी. मी त्याच्यावर ओरडणार होते. लई ओरडणार होते. पण फाटक्या अस्तरातून निळा रंग दिसला आणि मी चित्रापाशी खाली बसले. वडलांनी स्वतःच्या हातानं शिवून बंद केलेली ती बाजू मी दहा वर्षांची असताना शेवटची पाहिली होती.

आमच्या घरात तेलुगू बोलतात, वडलांना नायना म्हणतात. माझे नायना चादरी विणायचे, आणि थंडी सुरू झाली की गाठोडी बांधून विकायला कोकणात निघायचे. मला सोबत न्यायचे, कारण मी हट्टी होते आणि पाढे पक्के होते म्हणून शाळेतले गुरुजी काही बोलत नसत. एसटीच्या टपावर चादरींची गाठोडी, मांडीवर अम्मानं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. पहिला दिवस सगळा आमच्याच मुलखाचा, उघडा, पिवळा, ज्वारीच्या वासाचा. मग घाट उतरला की खिडकीतून ओला वास यायचा. कान दुखायचे, आणि नायना म्हणायचे, "आता झोपू नको. आता आलंच की."

देवसडे मात्र अजून वर असायचं. बंदरावर बस सोडायची आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढायच्या. त्या किती होत्या कोण जाणे, मी दरवेळी मोजायला लागायची आणि दरवेळी निम्म्यात कुणीतरी विचारायचं, "सोलापूरकर, आलात काय?" खाली सुकत घातलेल्या मासळीचा वास, मध्यावर काजूच्या पाल्याचा, आणि वर पोचलं की आंब्याच्या मोहोराचा. आजही डोळे बांधून मला त्या पायऱ्यांवर सोडा, मी कुठल्या उंचीवर आहे ते वासावरून सांगते.

पायऱ्या संपल्या की आधी गाव लागायचं, आणि गावाच्या अगदी वरच्या टोकाला माईचं घर. माई आमची कुणी नव्हती. पहिल्या वर्षी अवकाळी पावसात नायना तिच्या पडवीत टेकले, तिनं पेज दिली, एवढंच नातं. पुढं दरवर्षी तिची पडवी आमची झाली. नायना तिला एक चादर द्यायचे, निघताना ती आमसुलं आणि सुपारी बांधून द्यायची, आणि दोघांनाही आपणच जास्त दिलं असं वाटायचं. तिची मुलगी सुलभा माझ्याच वयाची. ती मला भात कालवायला शिकवायची, मी तिला तेलुगूतून भांडायला शिकवायची.

माईच्या दारात उभं राहिलं की अख्खं देवसडे पायाशी, आणि त्याच्या पलीकडं पाणी. डाव्या हाताला दीपगृह. उजव्या हाताला जुना दरवाजा आणि त्याच्याशेजारी बावट्याची काठी. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या जन्माचं दुखणं त्यातच आहे.

तो दरवाजा नुसताच होता. त्याला धरून असलेली तटबंदी लोकांनी कधीच घरांच्या पायाला नेली होती. "एवढा मोठा गड होता," माई हात पसरून सांगायची. "मग गेला कुठं?" मी विचारायची. "आमच्याच घरांत बसलाय गो बाय," ती म्हणायची, आणि चुलीमागचा एक घडीव दगड दाखवायची. दरवाजाच्या पुढ्यात एक तोफ तोंड मातीत खुपसून पडलेली होती, तिला गाई बांधायचे. बावट्याच्या काठीवर पूर्वी गलबत दिसलं की निशाण चढायचं. मग खाली बंदरावर हमाल गोळा व्हायचे, वर बाया चुली पेटवायच्या. मीठ वर यायचं, तांदूळ खाली जायचा. कुठल्या राजाच्या वेळेस, ते माई दरवर्षी वेगळं सांगायची. सुलभा म्हणायची, "आई, मागल्या वर्षी दुसराच राजा होता." माई म्हणायची, "राजे बदलतात, काठी तीच आहे." भूगोलाची बाई म्हणून सांगते, त्या डोंगराचा इतका पक्का इतिहास मला पुढं कुठल्याच पुस्तकात मिळाला नाही.

कड्याच्या कपारीत एक पीर होता. नवी होडी पाण्यात सोडायची असली की बंदरावरची माणसं आधी देवळात नारळ फोडायची आणि मग त्याच वाटेनं पिराला यायची. दुपारी सगळं गाव गप्प व्हायचं. तेव्हा वाऱ्यानं काठीवरची रिकामी दोरी वाजायची, टक टक टक. मला मागाची आठवण यायची आणि मी न सांगता रडायची. सुलभा मला आवळा द्यायची.

एका वर्षी नायनांना काय झालं देव जाणे. चादरी संपल्या तरी निघेनात. नक्षीचा चौकटींचा कागद त्यांनी आणलाच होता, तो माईच्या दारात पसरून बसले आणि एकेक चौकट भरत गाव उतरवायला लागले. आठ दिवस. गावातली माणसं येऊन पाठीमागं उभी राहायची. "माझं घर कुठंय?" "हे काय, तीन चौकटी." "तीनच?" "तुमी म्हणत असला तर चार करतो की." निघताना नायनांनी पायरीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "पुढच्या थंडीला हे गाव विणून आणतो. माईच्या दारात लावतो."

नायना फुशारकी मारणारे नव्हते. ती मारायला मी होते. त्यांनी शब्द दिला म्हणजे दिला.

आता आमच्या धंद्यातलं थोडं सांगायला हवं. जॅकार्डच्या मागाला नक्षी कळते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून. कागदावरची एकेक ओळ एकानं वाचायची, "भरलं, भरलं, रिकामं, भरलं," आणि दुसऱ्यानं ऐकत ऐकत पत्त्याला भोक पाडायचं. आमच्या घरी अम्मा वाचायची, नायनांच्या शेजारी बसून. त्या उन्हाळ्यात अम्मा माझ्या धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी म्हणाले, मी वाचते.

आणि मी नायनांच्या समोर बसले. शेजारी नाही, समोर. दारातून उजेड तिकडं पडत होता, आणि मला त्यांचं तोंड बघत वाचायला आवडायचं. कागद आमच्या दोघांच्या मधे. त्यांच्या बाजूची खालची ओळ ती माझी पहिली ओळ, आणि नक्षी खालूनच वर विणतात, म्हणून ते बरोबरच जुळलं. फक्त माझी डावी बाजू ही त्यांची उजवी होती. मी माझ्या डाव्या हातापासून वाचत गेले. दोन महिने, खणखणीत आवाजात, एकही चौकट न चुकता, मी अख्खं देवसडे उलटं वाचलं.

याआधीही कधीमधी मी तशीच बसून वाचलं होतं. पण तेव्हा मोर असायचे, कमळं असायची, चादरीचे काठ असायचे. मोर इकडून वाचा नाहीतर तिकडून, दोन्हीकडं सारखाच. कुणाला पत्ताही लागला नाही. गाव मात्र मोरासारखं नसतं.

माग सुरू झाला. आमच्या दुहेरी विणीच्या कापडाला दोन तोंडं असतात. एका बाजूला पांढऱ्यावर निळी नक्षी आली, तर तीच दुसऱ्या बाजूला निळ्यावर पांढरी येते. विणताना चांगली बाजू खाली असते, विणकराला वरून दिसते ती मागची. म्हणजे नायनांना मागावर गाव उलटं दिसायला हवं होतं, तेव्हा खाली ते सुलटं उतरलं असतं. पण त्यांना ते रोज सुलटं दिसत होतं. डावीकडं दीपगृह, उजवीकडं दरवाजा, अगदी माईच्या दारातून दिसतं तसं. त्यांचा आनंद पोटात मावेना. सुताला लावलेल्या खळीच्या वासात, घामानं निथळत, ते मला हाका मारायचे, "ये, बघ, तोफ आली!" आयुष्यभर मागावर बसलेला माणूस आनंदात साधी गोष्ट विसरला. त्या दिवसांइतके खूश नायना मी पुन्हा पाहिले नाहीत.

थंडी आली. आम्ही देवसड्याला गेलो. माईच्या अंगणात गाव जमलं, नायनांनी पडवीच्या वाशाला चित्र बांधलं आणि गुंडाळी सोडली. चांगली बाजू पुढं. पांढऱ्यावर निळं. सगळ्यांनी "वा" म्हटलं. मग कुणीतरी चित्राकडं बघितलं, मागं वळून गावाकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं बघितलं.

"दीपगृह सरकलं काय हो सोलापूरकर?"

हसू फुटलं. वाईट नव्हतं ते हसू, आता कळतं. पण नायनांचा चेहरा उतरलेला मला दिसला. आणि मला त्याच क्षणी कळलं, मी कुठं बसले होते ते. मी ओरडले, "नायना, पलटा की! मागनं बरोबर हाय!"

बरोबरच होतं ते. पलटवलं असतं तर निळ्यावर पांढरं, सुलटं गाव सगळ्यांसमोर आलं असतं. सुलभा तर पुढं धावलीसुद्धा. नायनांनी तिचा हात हलकेच धरला.

"न्हाय बाळ," ते म्हणाले. "विणकर माणसांना मागची बाजू दाखवत नसतो."

ही आमच्यातली रीत. चादर घडी करतानासुद्धा मागची बाजू आत जाते. गाठी, सुटलेले धागे, सांधलेलं तुटलेलं, सगळं तिकडं असतं. ते घरातल्यांनी बघायचं, गिऱ्हाईकानं नाही, पाहुण्यानं तर नाहीच. नायनांनी चित्र गुंडाळलं आणि माईला म्हणाले, "सुलटं गाव घेऊन आल्याबिगर आता ह्या पायरीला पाय लावायचा न्हाय मी." माईनं डोळ्याला पदर लावला. "अहो, असू दे की, चित्रच ते," म्हणाली. पण शब्द तोंडातून गेला होता.

पुन्हा गेलोच नाही. पत्ते परत पाडायचे तर सगळा कागद परत वाचायला हवा. त्यातच दिवस फिरले, यंत्रमाग आले, नायना टॉवेलांच्या कारखान्यात लागले, आमचा माग मोडीत गेला. चित्राला त्यांनी जाड अस्तर शिवलं आणि भिंतीला लावलं. माझी थंडी त्यानंतर नुसती थंडी राहिली, तिला मोहोराचा वास राहिला नाही. मी कधी हट्ट केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

नायना अगदी थकले तेव्हा एकदा, त्यांचे पाय चेपत असताना, मी सांगून टाकलं. "नायना, मी तेव्हा समोर बसून वाचलं होतं. चूक माझी होती."

ते भिंतीवरच्या गावाकडं बघत होते. म्हणाले, "ठाऊक हाय की. त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत मला? मारायचं होतंत एक."

"वाचणारी तू होतीस. पण मागावर बसून बघणारा मी होतो. मला दिसायला पायजे होतं." मग म्हणाले, "माईच्या पायरीचं तेवढं राहिलं बघ." त्यानंतर सहा दिवसांनी ते गेले. त्यांचं बाकी काही राहिलं नव्हतं. तेवढंच राहिलं होतं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

तर असं ते अस्तर यंदा फाटलं. संध्याकाळी माझा भाचा आला. तो कॉम्प्युटरवर टॉवेलांची नक्षी काढतो. म्हणाला, "मावशी, एवढं काय त्यात? फोटो काढू, मिरर मारू, दोन दिवसांत नवं कोरं सुलटं गाव." मी म्हटलं, "तुझा मिरर तुझ्यापाशी ठेव." तो बिचारा चहा पिऊन गेला. मी वाईट बोलले खरं, पण नायनांनी विणून आणतो म्हटलं होतं, छापून आणतो म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन बसले आणि नायनांचे टाके एकेक करून उसवले. बारीक टाके, एकसारखे. उसवताना जिवावर येत होतं. अस्तर गळून पडलं आणि समोर गर्द निळ्यावर पांढरं देवसडे उभं राहिलं. डावीकडं दीपगृह. उजवीकडं दरवाजा, काठी, तोंड मातीत खुपसलेली तोफ. रंग जराही उडालेला नाही, ऊन लागलंच नव्हतं ना कधी. गाठी मी शोधल्या. एकही नव्हती. प्रत्येक तुटलेला धागा त्यांनी असा सांधला होता की बोट फिरवलं तरी लागेना. मी तिथंच, रंगाच्या डब्यांमधे, मोठ्यानं रडले. सुलटं गाव त्यांनी तेव्हाच विणलं होतं. इतकी वर्षं ते आमच्या भिंतीकडं तोंड करून उभं होतं.

पण तरी ती मागची बाजूच की. ती घेऊन जायची, चारचौघांत दाखवायची, म्हणजे बापाची रीत मोडायची का? मी चित्र गुंडाळलं, सुलभाचा नंबर बंदरावरच्या एका दुकानातून मिळवला आणि निघाले. वाटभर तोच विचार. घाट उतरल्यावर ओला वास आला, कान दुखले, तरी डोळा लागला नाही.

आता वर देवसड्यापर्यंत गाडी जाते. मी पायऱ्यांनीच गेले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण मासळी, काजू, मोहोर, तिन्ही वास आपापल्या जागेवर होते. तोफेला आता कठडा घातलाय, गाई बिचाऱ्या उन्हात. काठीवर मोबाईलचं काहीतरी बसवलंय. दीपगृह तसंच, पांढरं, ताठ. माईचं घर कौलांच्या जागी पत्र्याचं झालंय. माई नाही, ते फोनवरच कळलं होतं. दारात सुलभा उभी होती, केस पांढरे, हात कमरेवर. मला बघून तिनं तेलुगूतून एक शिवी हासडली. पन्नास वर्षं जपून ठेवली होती तिनं.

मी पायरीच्या अलीकडंच थांबले. तिला चित्राच्या दोन्ही बाजू दाखवल्या, नायनांचा शब्द सांगितला, रीत सांगितली. "सुलटी आहे ती मागची बाजू आहे," म्हटलं. "भिंतीला सुलटी लावली तर त्यांना आवडायचं नाही. उलटी लावली तर शब्द अपुरा राहतो. मला काही कळत नाही गं."

"भिंतीला लावायचं कुणी सांगितलं?" सुलभा म्हणाली. "ते काय म्हणाले होते? माईच्या दारात लावतो म्हणाले होते ना? मग दारात लावू. दाराला कुठली आलीय मागची बाजू?"

तिनं घरातून पडद्याची सळई आणली. स्टुलावर ती चढली, मी स्टूल धरलं. चित्र दाराच्या चौकटीत वाऱ्यावर हललं आणि स्थिर झालं. ती आत गेली आणि तिथूनच ओरडली, "डावीकडं दीपगृह, उजवीकडं दरवाजा! बरोबर आहे गो!" बाहेर माझ्यापुढं पांढऱ्यावर निळं, ते जुनं, सरकलेलं गाव होतं.

तेवढ्यात बंदरावरून एक म्हातारी मासळीवाली वर आली. डोक्यावर टोपली, तोंडाला घाम. ती माझ्याशेजारी थांबली, चित्राकडं बघत राहिली. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते, आता विचारेल, दीपगृह सरकलं काय.

"कुणी केलं हे?" ती म्हणाली.

"माझ्या वडलांनी."

"दर्यावर होते काय ते?"

"नाही हो. सोलापूरचे."

"मग त्यांना कसं ठाऊक?" तिनं हात उचलून दाखवलं. "होडी परत यायला लागली की असाच दिसतो आमचा गाव. उजव्या हाताला दीपगृह, डाव्या हाताला दरवाजा. माझा घोव म्हणायचा, दीपगृह उजवीकडं दिसलं की घर आलं."

टोपली सावरत ती पुढं गेली. मी चपला काढल्या. त्या उलट्या गावाचा काठ हातानं बाजूला केला, आणि नायनांच्या वतीनं माईच्या पायरीला पाय लावला.